जुनी चौकट, नवी नळी

रायफल जुनी झाली असे आपण म्हणतो, तेव्हा तिच्यातील नेमके काय जुने झालेले असते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. लाकडी दस्त्यावरचे तेल उडून गेलेले असते, पोलादाची निळसर काळी झिलई हाताळून हाताळून पांढुरकी पडलेली असते आणि नळीच्या तोंडाशी गंजाचे ठिपके उठलेले असतात. पाहणाऱ्याला वाटते की, हिचे आयुष्य संपले. उलट एखादी रायफल नव्या तेलपाण्याने अशी चकाकत असते की, कालच कारखान्यातून आली असावी असा भास व्हावा. या दोहोंपैकी सुरक्षित कोणती, हे डोळ्यांना सांगता येत नाही. दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते, ही आपल्याकडील म्हण बंदुकीच्या कारागिराइतकी दुसऱ्या कोणास क्वचितच लागू पडत असेल. स्वस्तात मिळालेल्या जुन्या शिकारी रायफली दुरुस्त करून, त्यांना नवी नळी बसवून, पुन्हा उपयोगात आणण्याची जी विद्या आहे, तिचा सारा इतिहास म्हणजे या म्हणीचा विस्तार होय. तो थोडक्यात श्रोत्यांपुढे मांडावा, असा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम रायफलीची रचना ध्यानात घेऊ. तिचे मुख्य भाग चार. लाकडाचा दस्ता, पोलादाची नळी, नळी जिच्यात आट्यांनी पिळून बसवलेली असते तो पोलादी सांगाडा, आणि त्या सांगाड्यात मागेपुढे सरकून काडतुसाच्या पाठीमागे दार बंद करणारा दांडा. या सांगाड्यास रिसीव्हर म्हणतात आणि दांड्यास बोल्ट म्हणतात. आपल्या जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजाची उपमा घ्यावयाची, तर रिसीव्हर ही चौकट आणि बोल्ट हा अडसर. चाप ओढला की काडतुसातील दारू पेटते आणि क्षणार्धात दर चौरस इंचावर सुमारे ५० ते ६० हजार पौंडांचा दाब निर्माण होतो. हा दाब गोळीला पुढे ढकलतो, तसाच अडसराला मागे रेटतो. आणि अडसराच्या मागे, अवघ्या काही इंचांवर, नेम धरणाऱ्याचा डोळा असतो. चौकट आणि अडसर भक्कम असावे लागतात ते याकरिता. नळी वाकडी लागली तर नेम चुकेल. चौकट फुटली तर माणूस जाईल.

तथापि या चौघांत सर्वांत आधी झिजते ती नळीच. तिच्या आतल्या अंगास पेचदार पन्हळी कोरलेल्या असतात आणि त्यांवरूनच रायफल हे नाव पडले. या पन्हळींत दाबून गेलेली गोळी स्वतःभोवती फिरू लागते आणि फिरत्या भोवऱ्याप्रमाणे आपली दिशा राखते. अमेरिकेतील प्रसिद्ध .३०-०६ या काडतुसाची नळी घेतली, तर तिच्यातील पेच दर दहा इंचांना एक वेढा पूर्ण करतो, आणि बाहेर पडताना गोळीचे फेरे सेकंदाला तीन हजारांवर जातात. दर बाराच्या वेळी तप्त वायूंचा लोट या पन्हळींच्या तोंडाशी आदळतो आणि तेथील पोलाद कणाकणाने खाऊन टाकतो. काही हजार बारांनंतर पन्हळींच्या कडा बोथट होतात आणि गोळी नीट धरली जात नाही.

पण पुष्कळशा जुन्या रायफलींच्या नळ्या झिजून गेलेल्या नाहीत. त्या गंजून गेल्या आहेत, आणि त्याचे कारण मोठे उद्बोधक आहे. काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते, तिच्या मसाल्यात पूर्वी पोटॅशियम क्लोरेट हे द्रव्य घालीत. ते जळाले की पोटॅशियम क्लोराइड मागे उरते, आणि हे क्लोराइड म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील मिठाचे भावंड. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला जसे पाणी सुटते, तसे नळीत राहिलेले हे क्षार हवेतील ओल ओढून घेतात आणि एका रात्रीत पोलादाला गंज चढवतात. गंमत अशी की, शिकारी मोठ्या निगुतीने नळीला तेल लावून ठेवी. परंतु क्षार तेलात विरघळत नाहीत, ते पाण्यात विरघळतात. तेलाच्या थराखाली गंजाचे काम बिनबोभाट चालू राही. म्हणून जाणते सैनिक बार झाल्यावर नळीतून आधी उकळते पाणी ओतीत, ती कोरडी करीत आणि मगच तेलाचा बोळा फिरवीत. पोलादाला पाणी लावावयाचे, ही कल्पनाच अनेकांना विपरीत वाटे. आणि ज्यांना ती विपरीत वाटली, त्यांच्या रायफलींच्या नळ्या गेल्या. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत व अमेरिकेत न गंजवणाऱ्या टोप्या बाजारात आल्या, पण लष्करी काडतुसांत जुना मसाला त्यानंतरही पुष्कळ वर्षे टिकून होता.

यातूनच नवी नळी बसवण्याच्या उद्योगाचा पाया घातला गेला. चौकट शाबूत, अडसर शाबूत, नळी तेवढी निकामी, अशा रायफली लाखांनी उपलब्ध होत्या. त्यांतील सर्वांत नावाजलेली घडण पाउल माउझर याची. नेकर नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ या गावी १८३८ मध्ये जन्मलेल्या या जर्मन कारागिराने सिद्ध केलेला नमुना १८९८ मध्ये जर्मन सैन्याने स्वीकारला. त्याच्या अडसराला पुढे दोन बळकट कान असून मागे तिसरा राखीव कान आहे. काडतुसाचे बूड कधी फाटलेच, तर वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे न येता भलतीकडे निघून जावा, म्हणून त्यात भोके ठेवलेली आहेत. पोलाद आतून मऊ आणि वरून कठीण असे मुरवलेले असे, म्हणजे अतिताण आला तर ते तडकण्याऐवजी ताणले जावे. जर्मनीबरोबरच बेल्जियम, चेकोस्लोव्हाकिया अशा अनेक देशांत या घडणीच्या रायफली तयार झाल्या.

दुसरे महायुद्ध संपले आणि या रायफलींचा सैन्यांना उपयोग राहिला नाही. १९५० च्या दशकात त्या जहाजे भरभरून अमेरिकेत गेल्या आणि टपालाने मागवता येण्याजोग्या झाल्या. नवीन शिकारी रायफलीच्या किमतीच्या अल्प अंशात एक माउझर घ्यावी, तिचे लांब लष्करी लाकूड कापून काढावे, जुन्या नळीच्या जागी आपल्या पसंतीच्या काडतुसाची नळी बसवावी आणि हरणाच्या शिकारीस जावे, हा तेथील खेड्यापाड्यांतील मध्यम स्थितीच्या माणसाचा छंद होऊन बसला. मात्र १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, ती अशाच टपालाने मागवलेल्या इटालियन लष्करी रायफलीने. १९६८ च्या कायद्याने हा टपालाचा व्यापार बंद झाला आणि परदेशी जुन्या लष्करी रायफलींच्या आयातीसही आळा बसला. तोवर मात्र कारागिरांची एक पिढी या कामात तयार झालेली होती.

हे काम कसे चालते ते आता पाहू. प्रथम दस्ता व बोल्ट काढून घेतात आणि नळी कारखान्यातल्या भक्कम व्हाइसमध्ये आवळून चौकट तिच्यावरून पिळून सोडवतात. हे वाचावयास सोपे वाटते. परंतु कारागिराची पहिली कसोटी येथेच लागते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत १९१७ सालच्या नमुन्याच्या सुमारे २२ लाख रायफली तयार झाल्या. त्यांपैकी निम्म्याहून अधिक पेनसिल्व्हेनियातील एडीस्टोन येथील कारखान्याच्या. तेथे घाईच्या दिवसांत नळ्या इतक्या जोराने पिळून बसवल्या गेल्या की, पुढे त्या उलट पिळताना चौकटीलाच तडा जाऊ लागला. मग अनुभवी कारागिरांनी एक साधी युक्ती काढली. जुनी नळी टाकूनच द्यावयाची असल्याने, चौकटीला टेकणाऱ्या तिच्या खांद्यालगत लेथवर एक खोल खाच घ्यावयाची. तेवढ्याने साचलेला ताण मोकळा होतो आणि नळी सहज निघते. बळापेक्षा अक्कल स्वस्त पडते, ती अशी.

नळी निघाली की चौकटीची तपासणी होते. कोठे केसाएवढी चीर आहे काय, अडसराचे कान ज्या कठड्यावर टेकतात तो कठडा वर्षानुवर्षांच्या रेट्याने दबून मागे सरकला आहे काय, हे पाहिले जाते. चीर आढळली की काम तेथेच थांबवावयाचे. कठडा दबलेला असेल, तरीही जाणता कारागीर पुढे जात नाही. चौकट निर्दोष ठरली, तरच नव्या नळीचा विचार. नळीच्या मागच्या टोकावर चौकटीच्या आट्यांशी जुळणारे आटे पाडतात. माउझरच्या बाबतीत ते इंचाला बारा असतात. मग काडतूस बसावयाचे घर, म्हणजे चेंबर, नळीत कोरले जाते, आणि शेवटचा काही अंश तर अगदी थोडाथोडा, पुनःपुन्हा मोजून.

येथे जे माप महत्त्वाचे, त्यास हेडस्पेस म्हणतात. बंद अडसराच्या तोंडापासून काडतूस जेथे अडते त्या जागेपर्यंतचे हे अंतर. ते कमी असेल तर अडसर बंद होत नाही, आणि जास्त असेल तर काडतुसाला मागे पाठबळ राहत नाही. पितळ ताणून फाटते आणि तप्त वायू मागे उसळतो. हे माप पाहण्यासाठी पोलादाच्या दोन ठोकळी असतात. पहिलीवर अडसर बंद झालाच पाहिजे, दुसरीवर तो बंद होता कामा नये. .३०-०६ या काडतुसाच्या बाबतीत पहिली १.९४० इंचांची व दुसरी १.९४६ इंचांची. दोहोंतील फरक सहा सहस्रांश इंच, म्हणजे साधारण दीड दशांश मिलिमीटर. वहीचे दोन पातळ कागद एकावर एक ठेवावेत, तेवढीच मोकळीक कारागिराला असते. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, बोटांना जाणवत नाही. तो ठोकळीलाच कळतो.

ब्रिटनमध्ये तर एवढ्यावरही भागत नाही. लंडनच्या बंदूक-कारागीर संघाला सतराव्या शतकापासून आणि बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाला १८१३ पासून असा अधिकार आहे की, प्रत्येक नळी नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून पारखावयाची, आणि टिकली तरच तिच्यावर शिक्का उठवावयाचा. नळी बदलली की जुना शिक्का पुरत नाही. रायफल विकण्यापूर्वी पुन्हा परीक्षा द्यावी लागते.

माप आणि परीक्षा यांचा एवढा आग्रह कशासाठी, हे अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड रायफलीच्या इतिहासावरून कळते. १९०३ च्या नमुन्याची ही रायफल मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड आणि इलिनॉयमधील रॉक आयलंड या दोन सरकारी कारखान्यांत तयार होई. दिसावयास देखणी, नेमास अचूक. १९१७ मध्ये तिच्या काही चौकटी काचेसारख्या फुटल्या. चौकशी झाली तेव्हा दोष निघाला तो भट्टीत. चौकटीचे पोलाद घडवताना किती तापवावयाचे, हे तेथील मुरलेले लोहार त्याच्या रंगावरून ठरवीत. वर्षानुवर्षांचा अनुभव, हातखंडा काम. पण ढगाळ दिवशी जो लाल रंग डोळ्यांना दिसतो, तोच रंग लख्ख उन्हाच्या दिवशी दिसण्यासाठी पोलाद कितीतरी अधिक तापवावे लागते. तापमापक यंत्र लावून पाहिले, तेव्हा हा फरक फॅरनहाइटच्या ३०० अंशांपर्यंत निघाला. म्हणजे स्वच्छ सूर्यप्रकाशाच्या दिवशी घडलेल्या काही चौकटी अतितापाने जळून ठिसूळ झालेल्या होत्या, आणि त्या कोणत्या, हे बाहेरून ओळखण्याचा कसलाही उपाय नव्हता.

१९१८ पासून भट्ट्यांची रीत बदलली. स्प्रिंगफील्डचा ८,००,००० च्या आतील आणि रॉक आयलंडचा २,८५,५०७ च्या आतील क्रमांक संशयित मानला गेला. दोहोंची बेरीज दहा लाखांवर जाते. जळलेल्या पोलादाला पुन्हा तापवून पाणी दिले, तरी त्याचा भरवसा येईना. १९२७ मध्ये या प्रश्नाचा पुन्हा विचार झाला आणि दुरुस्तीस परत येईल ती जुनी चौकट मोडीत काढावयाची, असे धोरण ठरले. दारूगोळा खात्यातील अधिकारी ज्युलियन हॅचर यांनी या अपघातांची नोंद पुढे आपल्या ग्रंथात बारकाईने केली, म्हणून आज आपणास हे ठाऊक आहे. परंतु बाहेर गेलेल्या साऱ्याच रायफली परत आल्या नाहीत. त्यांतील काहींवर पुढे हौशी लोकांनी नव्या कोऱ्या नळ्या चढवल्या, उत्तम अक्रोडाचे दस्ते बसवले. वरून पाहावे तर राजबिंडे रूप, आणि आत तोच जळका सांगाडा. नवी नळी जुन्या चौकटीचा दोष दूर करीत नाही. ती फक्त तो दृष्टीआड करते.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात जुनी रायफल म्हटली की बहुधा ली-एनफील्डचे कुळ डोळ्यांपुढे येते. जेम्स पॅरिस ली यांच्या अडसराची आणि एनफील्ड येथील पन्हळींची ही जोडी १८९५ मध्ये ब्रिटिश सैन्यात आली, आणि बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात ती विसाव्या शतकाच्या आरंभापासून तयार होऊ लागली. लष्करी .३०३ काडतूस खासगी माणसाच्या हाती असू नये, ही राज्यकर्त्यांची भूमिका होती. चोरीस गेलेली लष्करी काडतुसे खासगी रायफलीत चालू नयेत, हा तिचा रोख. म्हणून नागरी वापरासाठी .३१५ बोअर रूढ झाला. त्याचे काडतूस मूळ ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचे. स्वातंत्र्यानंतरही इशापूरच्या .३१५ रायफली परवानाधारकांच्या घरी गेल्या, आणि आज अनेक कुटुंबांत त्या आजोबांची ठेव म्हणून जपलेल्या आढळतात.

ली-एनफील्डच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तिचा अडसर ज्या त्या चौकटीशी हाताने जुळवून बसवलेला असतो आणि दोहोंवर एकच क्रमांक कोरलेला असतो. पुढे निघालेल्या चार क्रमांकाच्या नमुन्यात तर बोल्टचे डोके शून्यापासून तीनपर्यंतच्या मापांत मिळे, आणि झिजेप्रमाणे ते बदलून हेडस्पेस साधता येई. एका रायफलीचा बोल्ट दुसरीत सहज शिरतो. पण तो शिरतो म्हणून जुळतो असे नाही. १९६० च्या दशकात इशापूरने याच घडणीची रायफल ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसासाठी तयार केली, तेव्हा दाब वाढणार म्हणून तिच्या चौकटीसाठी पोलादही अधिक भक्कम वापरले. सरकारी कारखान्यालाही केवळ नळी बदलून भागले नाही, हे घरगुती प्रयोग करू पाहणाऱ्याने विसरू नये.

आणि आपल्याकडे असा घरगुती प्रयोग कायद्यालाही मान्य नाही. शस्त्र अधिनियम १९५९, जो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला, त्यानुसार बंदूक बाळगण्यास जसा परवाना लागतो, तसाच ती दुरुस्त करणाऱ्यास आणि तिच्यात फेरबदल करणाऱ्यासही लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकास दोनच बंदुकांची मर्यादा घातली. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांमुळे हौसेची शिकार संपली, हे तर सर्वश्रुत आहे. तेव्हा वडिलोपार्जित रायफलीचा प्रश्न आपल्याकडे शिकारीचा उरलेला नाही. तो जतनाचा आहे. शासकीय सेवेत परवान्यांचे कागद नजरेखालून जातात, तेव्हा वारसांच्या अर्जांतून एक ओढ जाणवते. वस्तू नवीसारखी करावी, म्हणजे पूर्वजांचा मान राखला गेला, अशी त्यांची भावना असते. या भावनेचा आदर राखूनही त्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते.

आपल्या कित्येक प्राचीन देवळांच्या घडीव दगडांवर जीर्णोद्धाराच्या नावाखाली तैलरंग फासला गेला, आणि मूळ छिन्नीचे काम त्याखाली गाडले गेले. जुन्या रायफलींचेही असेच झाले. ज्या माउझर व स्प्रिंगफील्ड एके काळी कवडीमोलाने मिळाल्या म्हणून कापल्या गेल्या, त्यांचे न कापलेले नमुने आज संग्राहकांना दुर्मीळ झाले आहेत, आणि कापलेल्यांना फारसे कोणी विचारीत नाही. मूळ झिलई खरवडली, कोरलेले क्रमांक घासून गेले, की ती वस्तू कोणाची आणि कोठली, हे सांगणारा पुरावाच नाहीसा होतो. झिलई म्हणजे तरी काय? पोलादावर मुद्दाम आणलेला तांबूस गंज उकळत्या पाण्यात घातला की काळा होतो. तो घासून पुन्हा गंज आणावयाचा, पुन्हा उकळावयाचे, असे अनेकवार केले की ती मखमली काळी कांती चढते. ती पुन्हा आणता येते. पण तिच्याखालची अक्षरे परत येत नाहीत. लाकडाला जवसाच्या तेलाचा हात, पोलादाला कोरड्या जागेची सोय, आणि परवानाधारक कारागिराकडून एकदा मापांची तपासणी, एवढ्यावर बहुतेक वारसांनी समाधान मानावे हे बरे.

खर्चाचा हिशेब मांडला, तरी निष्कर्ष हाच निघतो. उत्तम नळी, तिचे आटे, चेंबर, परीक्षा आणि कारागिराची मजुरी यांची बेरीज पुष्कळदा नव्या साध्या रायफलीच्या किमतीला जाऊन भिडते. स्वस्त वस्तू दुरुस्तीत स्वस्त राहत नाही. नवी नळी शोभते ती चौकट निःसंशय चांगली असेल, तिचा क्रमांक व घडण ओळखीची असेल आणि काम मापाने करणारा माणूस असेल तेव्हाच. एरवी जुनी रायफल भिंतीवर राहिली तर तिचा काही अपमान होत नाही.

स्प्रिंगफील्डच्या लोहारांना त्यांचे काम येत नव्हते असे कोणी म्हणणार नाही. त्यांची नजर तयार होती. ऊन तेवढे बदलत होते. म्हणून या विद्येतील श्रेष्ठ कारागीर तो मानला जातो, जो आपल्या नजरेवर न विसंबता ठोकळी लावून पाहतो, आणि ठोकळीने नाही म्हटले की गिऱ्हाइकाला तेवढ्याच स्पष्टपणे नाही म्हणतो.